धोंडूमामांचं नाक

कंपनीतल्या कोळशाच्या मनोऱ्याखाली आठ तास काढले, की अंगावर काजळी चढते आणि डोक्यात किस्से. काजळी साबणाने जाते हो, किस्से काही जात नाहीत! पन्नास सालानंतरचं पिंपरी. चहूकडे माळ, मध्ये आमची औषधांची कंपनी. तिथल्या एका केमिकलची वाफ सुटली, की पिकल्या केळ्यांचा वास यायचा. दुपारभर कशी गोड गुंगी!

*

कासारवाडीचे एक शेतकरीबाबा गेटवर आले. "केळी कुठं पिकवता वो? वास येतुया, घड दिसंना!"

पुढे कंपनीने कोळशाचा मनोरा उभारला. कोळसा ती वाफ पिऊन टाकायचा, बाहेर स्वच्छ हवा. महिन्याने बाबा पुन्हा हजर, चेहरा उतरलेला.

"बाग काढली व्हय?"

खरं सांगतो, आम्हालाही करमत नव्हतं.

*

तो कोळसा करवंट्यांचा. पहिलं पोतं उघडलं तेव्हा मालवणकडचे आमचे धोंडूमामा कितीतरी वेळ हात घालून बसले. मग म्हणाले, "गावाक करवंटी चुलीत घालतत. हय तिका नोकरी!"

*

कोळशाचं पोट भरलं, की वरच्या नळीतून वास सुटायचा. मग गरम वाफ सोडून तो रिकामा करायचा. पोट भरलं हे सांगायला यंत्र नव्हतं, मामांचं नाक होतं! मान वर, डोळे मिटलेले. जणू माणूस गावच्या परसात उभा आहे. आमच्याबरोबरच्या शिंदेच्या बंद डब्यातली भाजीसुद्धा ओळखायचे.

"शिंदे, आज मेथी. वयनी रागावलेली दिसतत, करपली हा!"

*

मग मामांना मोठा ताप आला आणि नाक गेलं. फक्त मला सांगितलं. "बायलेन मोगरो नाकाक लायल्यान. पांढरो दिसलो, पण वास इलो नाय."

नाकावर नोकरी, नोकरीवर पाच माणसांचं घर. तरी मामा एकदाही चुकले नाहीत. शेवटी मी विचारलंच. त्यांनी वरच्या नळीकडे बोट केलं. तिथे केळ्यांच्या वासावर चिलटं घोंघावत होती.

"माझ्या नाकाक सुट्टी, चिलटांका ड्युटी!"

*

पण कुणाचं तरी नाक गेल्याची कुणकुण साहेबांच्या कानावर गेलीच. मनोऱ्यावरच्या आम्हा चौघांना ऑफिसात रांगेत उभं केलं. "ज्याचं नाक खरं, तोच मनोऱ्यावर. बाकीच्यांनी पोती वाहायची." आणि एक बाटली फिरवली.

शिंदे म्हणाला, "केळी, साहेब!"

जाधव म्हणाला, "चांगली पिकलेली!"

मी तर डोळे मिटून छातीठोक सांगितलं, "सालीसकट!"

मामांनी बाटली नाकाशी धरली. मी मनात म्हणत होतो, मामा, केळी म्हणा, नुसतं केळी म्हणा! त्यांनी बाटली खाली ठेवली.

"साहेब, खोटा कित्याक बोलू? माका कसलोच वास येणा नाय."

संपलं सगळं! मी मान खाली घातली.

साहेबांनी उठून मामांच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास! बाटलीत नळाचं पाणी आहे."