पालो बेंडच्या अकरा किल्ल्या

ऑरिन, तू गेल्याला पाच महिने झाले आणि मी अजून तुझ्यावरच चिडलेली आहे. स्वतःवर चिडायची मला सवय नाही, हे तुला माहीतच आहे. ते गाव तुझ्यासाठी मी शोधलं. फेब्रुवारीत शोधलं. वाळवंटातल्या शहरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईने फेब्रुवारीत गाव पसंत करावं, याला लोक चूक म्हणतील. ती चूक नव्हती.

एवढं लिहून लिओटाने पेन खाली ठेवलं. शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई. उत्तर माहीत असताना कागद कोरा ठेवणाऱ्या मुलांचा तिला फार राग यायचा.

ऑरिन तिचा धाकटा भाऊ. नॉर्थ डाकोटात अडतीस वर्षं त्याने कमरेएवढ्या बर्फातून घरोघर टपाल वाटलं. बायको, इंगा, गेली आणि महिन्याभरात त्याचा फोन आला. तुझ्या फीनिक्सजवळ एखादं छोटं गाव बघ म्हणाला. शहर मला झेपायचं नाही, आणि बर्फ उपसायचा आता कंटाळा आलाय. लिओटाकडे एक खोली रिकामी होती. ती पुस्तकांनी भरलीये, असं तिने न विचारताच सांगून टाकलं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती एकटी राहत होती आणि तिला ते आवडत होतं. सकाळी दुसऱ्या कुणाचं खोकणं ऐकायची तिची तयारी नव्हती. तिने नकाशा पसरला, पट्टी घेतली आणि मोजलं. आपल्याला अधूनमधून जाता येईल इतकं जवळ, त्याला सहज डोकावता येऊ नये इतकं लांब. गाडीने दीड तास. पालो बेंड.

फेब्रुवारीत ती त्याला गाव दाखवायला घेऊन गेली. हवा अशी की कुणीही भुलावं. समाजमंदिरात पॅनकेकची न्याहारी, टेबलाटेबलावर पत्ते, गावातल्या एकुलत्या कॅफेबाहेर रांग. उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांचे नंबर उत्तरेकडचे नाहीतर कॅनडाचे होते. हे सगळे थंडीपुरते पाहुणे. एप्रिल सरला की गाड्या भरून घरी जाणार, कॅफेवाला ऑक्टोबरपर्यंत कुलूप लावणार आणि मागे ऊन उरणार. हे तिला ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. ऑरिन जुन्या सवयीने रस्त्याकडेच्या टपालपेट्या बघत फिरला आणि म्हणाला, घेऊ या.

मे महिन्यात गाव रिकामं झालं. जाताना शेजारची मर्टल त्याच्या हातात किल्ली देऊन गेली, तिचं बघून बाकीच्यांनीही दिल्या. अकरा घरांच्या अकरा किल्ल्या. आठवड्यातून एकदा प्रत्येक घरात जाऊन नळ सोडायचे, संडासात पाणी ओतायचं, मोऱ्या ओल्या ठेवायच्या. पाइप सुकले की विंचू वर येतात. पारा एकशे चौदा फॅरनहाइटवर असताना हा गडी टोपी घालून, टपाल वाटल्यासारखा, ठरल्या वेळी निघायचा. रविवारी फोनवर हिशेब द्यायचा की आज चार घरं झाली, कुणी दार उघडलं नाही, कुत्रंही चावलं नाही. लिओटा हसायची आणि मोलकरीण ठेवायची असती तर विंचवांनी तुलाच ठेवलं असतं, असलं काहीतरी बोलून फोन ठेवायची.

जुलैत त्याने एक काम सांगितलं. वडिलांची क्रिबेजची फळी त्याच्याकडे होती. दोघांचा पत्त्यांचा डाव; गुण मोजायला फळीच्या भोकांत खुंट्या सरकवायच्या. घर हलवताना खुंट्या हरवल्या होत्या. तुमच्या शहरात पत्त्यांचं दुकान आहे ना, तिथून चार पितळी खुंट्या घेऊन ये, दोन डाव टाकू. लिओटा म्हणाली, ऊन उतरू दे. ऑगस्टमध्येही तेच म्हणाली. दुकान तिच्या वाण्याच्या रस्त्यावरच होतं.

सप्टेंबरात ती एकदाची गेली, ती हात हलवत. ऑरिनने कुरकुर केली नाही. काड्यापेटी आणली, भोकांत काड्या खोचल्या आणि पत्ते पिसले. तो किती वाळला होता हे तिला त्याच्या मनगटांवर दिसलं. तिसऱ्या डावाला तिला राहवेना.

"ऑरिन, उन्हाळ्यात इथं कुणी राहत नाही, हे मला—"

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पेट्यांवरची नावं चिकटपट्टीवर लिहिलेली होती. कायमचा राहणारा माणूस नाव रंगाने लिहितो, मास्तरीणबाई. अडतीस वर्षं मी दुसरं काय बघितलंय?"

"मग घर घेतलंस कशाला, गाढवा?"

त्याने आपली काडी दोन भोकं पुढे सरकवली. "तुझ्या नकाशावर पट्टीने मारलेली रेघ होती. पेन्सिलीची. म्हटलं, एवढं मोजून बाईने आपल्याला जितकं जवळ ठेवायचं ठरवलंय, तितक्या जवळ राहावं."

तेव्हा तिने म्हणायला हवं होतं, सामान बांध, चल. खोलीत पुस्तकं नाहीत, शिवणयंत्र आहे, ते उद्या हलवते. शब्द तोंडाशी आले होते. ती म्हणाली, "पत्ते वाट, माझी पाळी कधीची झालीये." आणि अंधाराच्या आत निघाली, कारण रात्री तिला गाडी चालवता येत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मर्टल सगळ्यांच्या आधी परतली. तिच्या स्वयंपाकघरात नळ चालू होता आणि ऑरिन खाली पडलेला होता. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. बाकीच्या दहा किल्ल्या त्याच्या भिंतीवर नावानिशी टांगलेल्या होत्या. नावं त्याने रंगाने लिहिली होती.

फळी आता लिओटाकडे आहे, काड्यांसकट. ती अजून आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्याने वाण्याकडे जाते. सिग्नल लाल असला की दुकानाची काच अगदी शेजारी येते आणि पितळी खुंट्या दिसतात, चारचा संच, पुठ्ठ्यावर टोचलेला. हिरवा होतो, मागचा हॉर्न वाजवतो. ती गाडी पुढे काढते.