फुलीचा पेचकस

हसायचं तर हसा बापडे, पण मला पुरतं बोलू द्या आधी! माणूस एका साध्या पेचकसानं किती घोळ घालू शकतो, हे ऐकायचं असेल तर माझ्याइतका अनुभवी माणूस अख्ख्या पनवेलात मिळायचा नाही.

आमच्या शेजारी दानियलभाऊ राहायचे. इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन मोटार होती. ती रस्त्यावर जितकी धावली असेल, त्याहून जास्त आमच्या अंगणात उघडी पडलेली असायची. भाऊ तिच्या पोटात डोकं घालायचे आणि मी शाळेत मास्तर, शाळा सुटली की बाजूला उभा राहून बघायचो. बघून बघून मला वाटायला लागलं, की मोटार दुरुस्ती आपल्याला आली!

मग त्यांचं ठरलं. कायमचं इस्राएलला जायचं. बायकामुलं आधीच मुंबईला मेहुण्याकडे गेली होती. इथं राहिली होती भाऊंची आई, रिबकामावशी. रविवारी सकाळी दोघांनी पनवेल सोडायचं होतं. मावशींची एकच मागणी होती, जाण्याआधी नवऱ्याच्या कबरीवर जाऊन यायचं. कबर पळस्प्याच्या पुढे, आडगावात. मोटारीशिवाय म्हातारीला नेणार कसं? आणि जायचं ते शुक्रवारीच. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो, तो शनिवार मावळेपर्यंत. मग गाडीत बसणं नाही, काही नाही.

शुक्रवारी सकाळी भाऊ कागदपत्रांसाठी मुंबईला निघाले. जाताना म्हणाले, "मास्तर, गाडी धक्के खातेय. कार्ब्युरेटरचं झाकण उघडून तेवढा कचरा काढून ठेवाल? दुपारी आलो की आईला घेऊन निघू."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

"फुलीचा पेचकस घ्या हं. दुसरा लावू नका."

आता मला सांगा, यात न समजण्यासारखं काय होतं? मी शाळेला रजा टाकली, बाह्या सरसावल्या, हत्यारांची पिशवी ओतली. एका पेचकसाच्या लाकडी मुठीवर लाल रंगात ठसठशीत फुली! म्हटलं, हाच तो.

स्क्रूच्या डोक्यात टोक घातलं, पिळलं. सटकन निसटलं! पुन्हा पिळलं. पुन्हा निसटलं. मी म्हटलं, गंजला असेल. रॉकेल ओतलं, सगळा भार टाकला. स्क्रूचं डोकं असं गुळगुळीत झालं, की त्यात तोंड बघून दाढी करावी! मग दुसऱ्या स्क्रूवर चाल करून गेलो. मग तिसऱ्या. मग हातोडी आणली.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. पांढरं लुगडं नेसून, कबरीवर ठेवायच्या सब्ज्याच्या डहाळ्या मांडीवर घेऊन. "होतंय ना रे बाळा?"

"झालंच मावशी!"

दुपारी भाऊ आले. वाकून बघितलं, गुळगुळीत स्क्रूवरून बोट फिरवलं.

"फुलीचा घ्या म्हटलं होतं ना मास्तर?"

"फुलीचाच घेतला! ही काय फुली!" मी मूठ पुढे केली.

भाऊ मटकन गाडीच्या पायरीवर बसले. "अहो, फुली टोकाला असते! स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच, तसंच पेचकसाचं टोक. हा चपटा आहे. ह्याचं टोक तुटलं म्हणून मीच मुठीवर फुली मारली होती, टाकून द्यायचा म्हणून!"

पळस्प्याच्या नाक्यावरून मिस्त्री आणला. त्यानं घाम गाळून झाकण उघडलं, गाडी सुरूही झाली. मी आनंदानं वळून बघितलं, तर मावशी ओट्यावर नव्हत्या. दिवस मावळला होता. आत शब्बाथचा दिवा लागला होता.

मी दारात उभा राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! त्यांनी डहाळ्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाल्या, "तूच जा माझ्या वतीनं. आंब्याखाली, डावीकडची. म्हणावं, रिबका लेकाबरोबर गेली. रागावू नका. तुमच्याशिवाय घर खायला उठतं."

शनिवारी रात्री गाडी गिऱ्हाईकानं नेली. रविवारी सकाळी त्यांना एसटीत बसवलं आणि थेट कबरस्तान गाठलं. पुढचं फाटक बंद होतं, म्हणून मागच्या पडक्या कुंपणातून शिरलो. आंबा सापडला. डावीकडची कबरही सापडली. अक्षरं हिब्रू, मला ओ की ठो कळेना. डहाळ्या ठेवल्या आणि निरोप सांगायला तोंड उघडलं, तर रडूच कोसळलं. धाय मोकलून रडलो. झाकणाचं सांगितलं, स्क्रूचं सांगितलं, माफी मागितली, "तुमच्याशिवाय घर खायला उठतं" हेही सांगितलं.

पलीकडे कबरस्तान राखणारी बाई गवत कापत होती. ती विळा थांबवून बघत राहिली. "कोनासाठी रडताव, दादा?"

"रिबकामावशींच्या यजमानांसाठी."

"अवो, ही रिबकाबायची सासू हाय! यजमान त्या अंगाला. तुमी उलटे शिरलाव ना. आन ह्या सासूचं न् रिबकाबायचं कदी जमलंच नाय!"

मी डहाळ्या उचलल्या, सासूबाईंची क्षमा मागितली आणि पलीकडे गेलो. निरोप पुन्हा पहिल्यापासून सांगितला. पण काय सांगू, यजमानांसमोर डोळ्यांतून टिपूस निघेना. होतं नव्हतं ते सगळं पाणी मी सासूबाईंवर खर्च करून बसलो होतो!