थडग्यातला सरदार

दुष्काळाच्या वर्षी लातूरला टँकरची वाट बघत आम्ही दुपारी एक खेळ खेळायचो. मी भुताटकीच्या किल्ल्याची गोष्ट सांगायची, मित्रांनी त्यातले शिकारी व्हायचं आणि फासे टाकत पुढं जायचं. तळघरात रक्तपिपासू सरदाराचं थडगं होतं.

उदगीरच्या लिंगायत मित्रानं विचारलं, "आत त्यो बसलेला हाय का झोपलेला?"

असल्या शंकांनी माझं डोकं फिरायचं. "झोपलेला."

"मग उठणारच की. आमच्यात बसवून पुरतात."

हे मला माहीत नव्हतं. आठवडाभर तेच डोक्यात घोळलं. बघू तरी काय करतो, म्हणून रविवारी थडगं उघडल्यावर मी सरदार मांडी घालून बसलेला दाखवला.

मित्रानं फासे खाली ठेवले.

"ह्याला घरच्यांनी नीट पुरलंय. मी न्हाई मारणार."