टेलस्टॉकमधल्या अक्षता

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा होता, खिशात जाडी मोजायचा मायक्रोमीटर होता, आणि अक्कल सोडून बाकी सगळं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. मी नामांतराच्या बाजूचा. आमच्या भिक्षुकांच्या घरात वडिलांशी भांडून ती बाजू घेतलेली. कॅन्टीनमध्ये कपबशी आपटून सांगायचो, "ज्ञान कुणा एकाच्या मालकीचं नाही!" टाळ्या पडायच्या. लोखंड कातायच्या आमच्या लेथवरचे मामा तेवढे भाकरी मोडत विचारायचे, "मग सायेब, लेथला हात कधी लावता?"

मामा सोयगावकडचे, मेंढपाळाच्या घरातले. शाळा चौथीपर्यंत. इतकी वर्षं टेंपररी होते. त्या दसऱ्यानंतर त्यांना कायम करायचं ठरलं होतं.

खंडेनवमीला मशिनींची पूजा असते. मामा गावी गेलेले. सुपरवायझर म्हणाले, "भटजीचे चिरंजीव आहात, पूजा तुम्हीच उरका." कॅन्टीनमधला पुरोगामी मी, लगेच तयार! लेथच्या एका टोकाला टेलस्टॉक असतो. त्याच्या भोकात टोकदार सेंटर बसतं, आणि जॉबचं, म्हणजे कातायच्या लोखंडाचं, दुसरं टोक त्याच्यावर टेकतं. साफसफाईसाठी ते सेंटर काढून ठेवलेलं. मला ते रिकामं भोक अगदी देवळीसारखं दिसलं. आत हळदकुंकू वाहिलं, मंत्र म्हणून चिमूटभर ओल्या अक्षताही सोडल्या.

दसऱ्यानंतर मामांनी सेंटर ठोकून बसवलं आणि काम सुरू केलं. शाफ्ट एका टोकाला जाड निघायला लागले. मी मोजून मोजून अकरा रिजेक्ट केले आणि रिपोर्टात सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा.

सुपरवायझरनी वाचलं. "असल्याला कायम करायचं? संध्याकाळी सांगतो त्याला, उद्यापासून येऊ नको म्हणून."

मी परत लेथपाशी आलो. मामा टेलस्टॉकवर तळवा ठेवून, डोळे मिटून उभे होते.

"सायेब, हिला काहून टोचायलंय कायतरी?"

"मामा, मशीन आहे ती. मेंढी नाही."

"मेंढी लंगडली तर आपण रिपोट लिहीत नाय. पाय हातात घेतो."

त्यांनी सेंटर बाहेर काढलं, भोकात बोट फिरवलं. तळहातावर आला पिवळालाल भुगा, चेंगरलेल्या अक्षता. त्यांच्यामुळेच सेंटर तिरकं बसलं होतं. मामांनी तो बघितला, मग मला बघितलं.

"मंतर बी आत गेले का?"

आजूबाजूचे चार जण पोट धरून हसले. मामा मात्र सुपरवायझरकडे गेले नाहीत. भोक पुसलं आणि कामाला लागले. मीच जाईन याची त्यांना खात्री होती, की मी जाणार नाही याची, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गेलो मात्र. रिपोर्ट मागून घेतला, "ऑपरेटर" खोडून तिथं माझं नाव लिहिलं. सुपरवायझर आधी खो खो हसले, मग ओरडले. शिक्षा अशी, की महिनाभर मायक्रोमीटर जमा आणि मी मामांच्या हाताखाली. मामा त्याच महिन्यात कायम झाले.

इतक्या चांगल्या शिक्षेबद्दल मी त्या सुपरवायझरांचा अजून आभारी आहे. एकदा मामांना विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी लेथवर थाप मारली. "हिनं. आन त्याच्या आधी मेंढरांनी." ज्ञान सगळ्यांचं आहे असं मी रोज ओरडत होतो, पण माझ्या त्या "सगळ्यांत" समोर भाकरी खाणारे मामा नव्हते, मग मेंढरं आणि लोखंड कुठून असणार?

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी टेलस्टॉकवर ठेवलेल्या माझ्या तळव्याला मशिनीची बारीक थरथर लागली. माझ्या डोक्यात काही येण्याआधीच हातानं मशीन बंद केली. मामांनी वाकून बघितलं, तर लोखंड कातणाऱ्या टूलचं टोक उडालेलं.

मी शाबासकीची वाट बघत उभा. मामा टूल बदलता बदलता लेथलाच म्हणाले, "लई येळ लागला गं तुला याला शिकवाया."