मागणीत विनंती बसत नाही

टाळेबंदी उठली आणि मंदी बसली. खालापूरकडच्या ज्या कारखान्यात मी पुठ्ठ्याची खोकी गाडीत चढवून द्यायचो, तिथल्या मालकांनी आम्हाला गेटपाशी गोळा केलं आणि सांगितलं, बाजारात मागणीच नाही, तेव्हा आता घरी बसा. मी पोशीरला घरी येऊन बसलो. बसण्याचं काम मला तसं बरं जमतं. टीव्हीवर रोज नवं पॅकेज जाहीर व्हायचं. माझी हयात खोक्यांत गेलेली, त्यामुळे पॅकेज म्हटलं की ते आधी कानाशी हलवून बघावंसं वाटे. रेशनवरचा फुकट तांदूळ मात्र खरा होता. भात पिकवणाऱ्या गावात त्या रांगेत उभं राहताना सुरुवातीला मान खाली जायची. पुढे तिलाही सवय झाली.

ग्रामपंचायतीतला रोजगार सेवक माझा शाळासोबती. एकदा म्हणाला, डोंगराखालच्या वाडीवर जाऊन रोजगार हमीचा अर्ज लिहून आण, तुझं अक्षर चांगलं आहे. अक्षराची स्तुती केली की मी कुठेही जातो.

वाडीवरची बरीच कुटुंबं दरवर्षी वीटभट्टीवर जातात. तिथल्या एका म्हातारीने मला ओट्यावर बसवलं आणि आपलं गाऱ्हाणं सांगितलं. सून पोटुशी होती. मागच्या खेपेला भट्टीवरच तिचं पोर दगावलं होतं. दिवाळी झाली की मुकादमाचा टेंपो येणार, आणि भट्टीवर जोडी लागते, एकटा बाप्या घेत नाहीत. त्याआधी इथे डोंगरावर पाणी अडवायचे आडवे चर खणायचं काम निघालं, तर लेक आणि सून दोघंही घरी राहतील. बाकी तिला काही नको होतं.

मी अर्ज लिहिला. असा अर्ज तालुक्यात कुणी लिहिला नसेल. ‘विषय : काम मिळणेबाबत विनंती’ इथून सुरुवात करून ‘आम्हां गरीब मजुरांवर कृपादृष्टी ठेवावी’ इथपर्यंत गेलो, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असंही लिहून टाकलं. सरकारकडून लोभाची अपेक्षा करणारा मी पहिलाच असेन. सगळ्यांचे अंगठे घेतले आणि स्वतः कर्जतला नेऊन दिला. मग आम्ही वाट पाहिली. भात पोटरीला आलं, निसवलं, पिवळं पडायला लागलं.

शेवटी मी कर्जतच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी अर्ज काढला, वाचता वाचता दोनदा हसल्या आणि म्हणाल्या, अक्षर छान आहे.

“पण यात मागणी कुठंय? ही विनंती आहे.”

मी म्हटलं, तेच ना ते.

“नाही हो. मागणी केलीत की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं आम्हाला. विनंती आली की आम्ही ती ठेवून देतो.”

शाळेत आम्हाला सगळे अर्ज विनंतीचेच शिकवले. दाखला हवा, विनंती. रजा हवी, विनंती. सरकारसमोर कमरेत वाकण्यात जन्म गेला, आणि नेमकं ताठ उभं राहायचं होतं तिथेही मी वाकूनच गेलो.

पुन्हा वाडीवर गेलो. आता काही लोक अंगठाच देईनात. म्हातारी तर अडूनच बसली.

“मागून खात नाय आमी. काम करून खातो.”

मी तिला समजावलं, आजी, हे भीक मागणं नव्हे. मुलीला मागणी घालतात ना, तसं. त्यात काय लाज असते?

“मग नवरा कोन? सरकार?”

वाडी हसली. मीही हसलो. “सरकारला पोरगी देऊ नये रं दादा,” ती म्हणाली, “नांदवत नाय.” पण अंगठा दिला.

पंधरा दिवसांचा हिशेब सरकारने पाळला, हे सांगितलं पाहिजे. फक्त तो माझ्या दुसऱ्या अर्जापासून सुरू झाला. काम निघाल्याचा निरोप घेऊन मी वाडीवर गेलो, तेव्हा टेंपो येऊन गेलेला होता. दारात सून एकटी बसली होती, नाचणी निवडत. लेक गेला होता. आणि जोडी पुरी करायला सुनेच्या जागी म्हातारी गेली होती.

चरावर माणसं कमी पडली. माझंही जॉबकार्ड होतं, तेव्हा मीच कुदळ घेतली. खोकी उचलणाऱ्या हाताला कुदळ लगेच ओळखते. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले आणि माझा चर डोंगराला धरून जायचं सोडून खाली गावाकडे निघाला. माप घ्यायला आलेला माणूस टेप धरून बराच वेळ नुसता बघत राहिला.

चरावर पाणी पाजायच्या हलक्या कामाला सून आली होती; सुट्टीत तिने नवऱ्याचा नंबर लावून दिला. मागे विटा थापल्याचा आवाज येत होता. म्हातारीला सांगितलं, काम निघालं इथे. मला वाटलं, आता ऐकवेल.

“सून जेवली का?” तिने विचारलं.

मी वळून पाहिलं. सून सावलीत बसून भाकरी मोडत होती.

“जेवतेय,” मी म्हटलं.

“अर्धी ठेवते ती. उठू देऊ नको,” म्हातारी म्हणाली, आणि तिकडून कुणीतरी हाक मारली तशी तिने फोन ठेवला. मी सुनेसमोर जाऊन बसलो. ती संकोचली, पण भाकरी संपेपर्यंत मी काही उठलो नाही.