जहाजावरचा इसार

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, समुद्र पाहिला तो थेट सिंगापूरचा. मुंबईचासुद्धा त्याआधी पाहिला नव्हता. शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करणाऱ्या माणसाचं समुद्रापाशी काम तरी काय? पडेगावात घर, घरामागं मेंढरं आणि आठवड्याचे बाजार, एवढं त्यांचं जग होतं. मी आयटीआय करून वाळूजला लेथवर लागलो आणि पुढं एका मित्राबरोबर भागीदारीत तिथंच छोटं वर्कशॉप टाकलं. एका स्कूटरच्या कारखान्याला आम्ही पिना आणि बुश असले सुटे भाग पुरवायचो. वर्षभर माल वेळेवर दिला म्हणून कारखान्यानं आम्हा पुरवठादारांना बक्षीस जाहीर केलं. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाची सहल, आणि तीही दोघादोघांना.

खरं तर आम्ही दोघं भागीदारांनी जायचं. पण भागीदार म्हणाला, "जानेवारीत मी शहर सोडणार नाय. तू जा, मामांना घेऊन जा." आबांना तो मामा म्हणायचा.

त्याचं कारण मला विचारायची गरज नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होतो, उद्या होतो, अशी हवा होती. ही हवा तशी आमच्या शिकायच्या दिवसांपासूनच होती. मोर्चे झाले, लाठ्या झाल्या, गावोगावी घरं जळाली, पण नाव काही बदललं नव्हतं. भागीदार तेव्हाच बी.कॉम. झाला होता, पण पदवीचा कागद त्यानं उचललाच नाही. "नव्या नावाचा देतील तेव्हा घेईन," म्हणाला. त्यापायी बँकेची नोकरी हातची गेली. मुलाखतीत कागद मागितला आणि हा उठून आला. त्या दिवशी मी त्याला येडा म्हणालो. नंतर त्याच येड्यानं आमच्या वर्कशॉपचे हिशेब सांभाळले म्हणून मी तरलो, ते वेगळं.

त्याच्या कॉलेजच्या दिवसांतच एकदा तो आमच्या घरी आला होता. ओट्यावर आळीतली दोन मोठी माणसं बसलेली. त्यांच्यासमोर यानं आबांना सांगितलं, "मामा, नाव बदलंल त्या दिवशी मला एक बोकड पायजे. पंगत तुमच्याच दारात."

त्या काळात आमच्या आळीत पंगत हा शब्द कुणाबरोबर काढायचा याचे कायदे होते. ओट्यावरच्या दोघांचे चेहरे आंबले. आबांनी तिकडं बघितलंच नाही. ते एवढंच म्हणाले, "इसार?"

भागीदारानं खिशातला रुपया काढून दिला. आबांनी तो कनवटीला लावला आणि चहा मागवला.

इसार म्हणजे काय ते इथं सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावर आहे. बाजारात जनावराचा सौदा ठरला की घेणारा थोडे पैसे देऊन ठेवतो, तो इसार. मग विकणाऱ्यानं ते जनावर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. विकणारा फिरला तर त्यानं इसार दुप्पट परत करायचा. आणि घेणाऱ्यानं माल उचलला नाही, तर इसार बुडाला. ना कागद, ना सही. आबांचा देवावर जेवढा विश्वास होता, त्याहून थोडा जास्त इसारावर होता.

निघायच्या दिवशी आबांनी आईला मेंढरांच्या चारापाण्याच्या पन्नास सूचना दिल्या आणि शेवटी म्हणाले, "लाल दोऱ्याचा बोकड कुणाला द्यायचा नाय. भाव किती बी येऊ दे." तो लाल दोऱ्याचा बोकड म्हणजे आमच्या घरातलं जुनंच कोडं होतं. कळपात एकाच्या गळ्यात लाल दोरा कायम असायचा. बकरी ईदीच्या आधी गिऱ्हाइकं दुप्पट भाव लावून जायची, तरी तो विकला जायचा नाही. म्हातारा झाला की दोरा काढून दुसऱ्याच्या गळ्यात बांधला जायचा. मी समजायचो, कुठल्या तरी देवाला बोललेला असेल. आमच्या घरात देवांना तोटा नव्हता आणि देवाबद्दल चौकशी करायची पद्धत नव्हती.

जहाजावर चढल्या चढल्या एका लांबलचक काउंटरपुढं रांग लागली. आमच्या गटाबरोबर कारखान्याच्या खरेदी विभागातले एक साहेब होते. त्यांनी सगळ्यांना समजावलं, की जहाजावर रोख पैसा चालत नाही. प्रत्येकाला जहाजाचं एक कार्ड मिळणार. दुकानात, धोब्याला, टेलिफोनला ते दाखवायचं, पावतीवर सही करायची आणि शेवटच्या दिवशी हिशेब. त्यासाठी आधी काउंटरवर तजवीज करून ठेवायची. ज्याच्याकडं क्रेडिट कार्ड आहे, त्याच्या कार्डावर जहाजवाले काही रक्कम अडवून ठेवणार. ज्याच्याकडं नाही, त्यानं डॉलर जमा करायचे. आख्ख्या गटात क्रेडिट कार्ड एकट्या साहेबांकडं होतं. ते त्यांनी पाकिटातून असं काही काढलं की रांगेतले सगळे पुरवठादार माना लांब करून बघायला लागले.

आम्ही डॉलर भरले. आबांनी ते काउंटरपलीकडं जाताना डोळ्यांनी पार खणापर्यंत पोचवले.

"इसार दिला म्हणायचा," ते म्हणाले.

"इसार नाही आबा, अनामत. उरले तर परत मिळतात."

"परत मिळतो तो इसार कसला?"

"म्हणून तर म्हणतोय, हा इसार नाही."

"माल घ्यायच्या आधी पैसा दिला ना? मग काय हाय त्यो?"

मी साहेबांची साक्ष काढली. काउंटरवरच्या मुलीलाही विचारलं. माझं इंग्रजी लेथच्या मॅन्युअलपुरतं, पण तिचं उत्तर स्वच्छ होतं, की परत मिळतील. मी ते मराठीत सांगितलं. आबांनी दयेनं माझ्याकडं बघितलं. "परत देतो म्हणणारा बाजारात सगळ्यात आधी पळतो," म्हणाले. मी चिडलो. मला लवकर राग येतो आणि आबांवर तो कधीच चालत नाही, हे मला त्या बोटीवर पुन्हा नव्यानं कळलं.

झालं. आता इसार बुडू द्यायचा नाही, तर माल उचलायला पाहिजे. आबा जेवायला बसले तर ताटं येतच राहिली, आणि सही कुठंच कुणी मागेना. जेवण तिकिटातच होतं. आबांचा संशय आणखी वाढला. "फुकट कामून घालतात रे एवढं? पोट भरलं की माणूस काय घेत नाय. इसार बुडवायचा बेत हाय ह्येंचा." मी जेवत राहिलो.

मग आम्ही दुकानात गेलो. तिथं अत्तरं, घड्याळं आणि काचेचे हत्ती होते. आबांना त्यातल्या त्यात एक दुर्बीण पसंत पडली. लांबचं मेंढरू दिसेल म्हणून. दुकानदार चांगला धष्टपुष्ट चिनी माणूस होता. आबांनी दुर्बीण बैलासारखी चहूबाजूंनी तपासली, खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. आमच्याकडं जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. आबांनी किती बोटं दाबली ते मलाही कळलं नाही. दुकानदाराला वाटलं, म्हातारा जादूचा प्रयोग करतोय. तो हसत हसत वाट बघत राहिला. उपरणं उचललं तेव्हा खाली त्याचाच हात निघाला, तरी त्यानं टाळ्या वाजवल्या. भोवती चार गोरे जमले होते, त्यांनीही वाजवल्या. आबा लई समाधानानं बाहेर आले. "माणूस दिलदार हाय," म्हणाले, "पण भाव सोडीना."

पुढं संक्रांत आली. आईनं डब्यात तिळगूळ बांधून दिला होता. आबा काउंटरवर गेले आणि मुलीच्या तळहातावर लाडू ठेवला. तिनं तो बघितला, हसली आणि तो कुणाच्या खात्यावर टाकायचा ते विचारू लागली. "गोड बोल म्हनाव," आबा मला म्हणाले. मी तेवढंच सांगितलं. तिनं लाडू खाल्ला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सहलीची शेवटची होती. संध्याकाळी बोट सिंगापूरला लागणार होती. आबांचा इसार जसाच्या तसा पडून होता आणि त्यांचा चेहरा उतरला होता. अशात काउंटरवर साहेबांचा आवाज चढलेला ऐकू आला. त्यांना कारखान्यात फोन करायचा होता आणि त्यांचं खातंच बंद झालं होतं. प्रकार असा होता, की सिंगापूरच्या हॉटेलनं त्यांच्या कार्डावर जी रक्कम अडवली होती, ती अजून सोडलीच नव्हती. त्यावर जहाजानं आपली अडवली. दोन्ही मिळून कार्डाची मर्यादा संपली, आणि खर्च झाला होता जेमतेम एका अत्तराच्या बाटलीचा. साहेब घामाघूम झाले होते.

मी आबांना समजावून सांगितलं. ते हळहळले. "बैल एक, आन इसार दोन बाजारांत. साहेबाचा काय दोष, बैलच एक हाय." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते पुढं झाले आणि आपलं कार्ड साहेबांपुढं धरलं. "बोला साहेब. लागंल तेवढं बोला. न्हाय तरी बुडतोयच."

नियमानं सही आबांनाच करावी लागली. त्यांनी ती इतक्या सावकाश, खणखणीत केली की मुलीला थांबावं लागलं. साहेब टेलिफोनच्या खोलीत गेले आणि लवकरच बाहेर आले.

"नामांतर झालं," ते म्हणाले. "काल जाहीर झालं. शहरात बंदोबस्त आहे. पहिल्या पाळीच्या बसा निघाल्या नाहीत. आता उत्पादनाचं काय होणार कुणास ठाऊक."

"आमचा पोरगा?" आबांनी विचारलं.

पोरगा म्हणजे मीच, असं साहेबांना वाटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला कळलं होतं, आबा भागीदाराबद्दल विचारत होते.

मला भीती वाटली, सरळ सांगतो. तो उस्मानपुऱ्यात एकटा राहायचा. मागं अशाच बातमीनंतर काय काय झालं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. या वेळी तसं होणार नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

आबांनी कार्ड काउंटरवर ठेवलं. "लाव."

"घरी फोन नाही त्याच्या. वर्कशॉपला लावावा लागेल. आणि आज तो तिथं कशाला असेल?"

"लाव म्हनतो ना."

मिनिटाचा भाव ऐकून मी मनात हिशेब केला. सगळे पैसे लावले तरी पाच मिनिटं मिळत नव्हती. आबांना मी भाव सांगितला नाही. घंटा वाजायला लागली. वाजली, वाजली, वाजतच राहिली.

"वाजायचे पैसे घेत्यात का?"

"नाही. उचलल्यावर."

"मग वाजू दे."

आणि उचलला. पलीकडून भागीदाराचाच आवाज, बसलेला, पार घोगरा. रात्रभर तो विद्यापीठाच्या गेटवर होता. तिथून सकाळी चालत वाळूजला आला होता, कारण मी नसताना वर्कशॉप बंद ठेवणार नाही असं त्यानं मला कबूल केलं होतं. कामगार कुणी आलेच नव्हते. एकटाच बसला होता.

"बरा आहेस ना?" मी ओरडलो.

"बराय रे. वरडतो कामून?"

आबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, मी शेजारून कान लावला. "झालं का रे?"

"झालं मामा."

पुढं तो काही बोलेना. आबाही बोलेनात. मी घड्याळाकडं बघत होतो. मिनिटाला इतके डॉलर मोजून, एक समुद्राच्या मधोमध आणि एक वाळूजला, अशी दोन माणसं गप्प होती. रिसीव्हरमधून फक्त त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. एरवी मी आबांना कोपर मारलं असतं. त्या वेळी माझ्याच्यानं होईना, माझेही डोळे भरले होते.

शेवटी भागीदारच बोलला. हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "मामा, एक रुपया ठेवलाय तुमच्याकडं. लई वर्षं झाली. माल देताय, का दोन रुपये परत करताय?"

"माल हाय," आबा म्हणाले. "लाल दोऱ्याचा. तुझ्या नावानं दर साली राखलाय, लेका. एक बी साल मोकळं..."

तेवढ्यात फोन बंद पडला. खात्यावरचे पैसे संपले होते.

आबा रिसीव्हर कानाला लावून थोडा वेळ तसेच उभे राहिले. "ऐकलं असंल का त्येनं?"

"ऐकलं असेल," मी म्हणालो. कितीतरी वर्षं तो दोरा मी बघत होतो आणि देवाच्या नावावर टाकत होतो.

काउंटरवर मुलीनं हिशेबाचा कागद आणि उरलेलं एक नाणं पुढं ठेवलं. आबांनी नाणं उलटसुलट बघितलं आणि कनवटीला लावलं, इतकी वर्षं तिथंच राहिलेल्या भागीदाराच्या रुपयाशेजारी. त्यांचा चेहरा आता सौदा पटल्यासारखा होता.

"इसार बुडाला नाय," म्हणाले. "माल मिळाला."

मग आम्ही डेकवर जाऊन बसलो. लांब सिंगापूरच्या इमारती दिसायला लागल्या होत्या. दुर्बीण नसल्याचं आबांना थोडं वाईट वाटलं, तसं ते बोललेही. नंतर माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "पंगत आपल्याच दारात व्हनार. ज्येला बसायचं नाय, त्येनं त्या दिवशी आपल्या ओट्यावर बी बसू नये. तू गेल्या गेल्या तसं आळीत सांगून ये."

मी म्हणालो, सांगतो.