तोंड खाली केलेला स्पीकर

नाफेर बर्दुगोला कमी ऐकू येतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त नाफेरला मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, हल्ली लोक पुटपुटतात. कोलंबियातल्या बारांकियात शेजारी बसलेली दोन माणसंसुद्धा नदीपलीकडच्याला हाक मारावी तशी बोलतात; तिथे असं म्हणायलाही छाती लागते.

कान गेले ते पिकोपायी. उमेदीची सगळी वर्षं नाफेरने पिको वाजवला: कपाटाएवढे स्पीकर, त्यांच्या तोंडावर भडक रंगांत काढलेलं चित्र आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव. त्याच्या पिकोचं नाव ‘चिडकी मांजर’. शनिवारी ही मांजर रस्त्यात उभी राहिली की आसपासच्या खिडक्यांच्या काचा दात वाजवायला लागायच्या. पिकोचं तोंड लोकांकडे आणि मालक पाठीमागे, हा धंद्याचा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे तबकडीवरची सुई उडू नये म्हणून सगळ्याच्या खाली ट्रकच्या टायरचं जाड रबर. लग्नानंतर ती रबरं देल्सीनेच कापली होती, स्वयंपाकघरातल्या सुरीने. देल्सी शाळेत भूगोल शिकवायची आणि एका शनिवारी नाचायला म्हणून आली होती. मांजरीच्या पाठीमागे उभं राहून नाफेर तिला काहीतरी म्हणाला, तिला एक अक्षर कळलं नाही, तिने हसून मान हलवली. पुढचा संसार त्या मान हलवण्यातून झाला.

मग मांजरीचं लाकूड फुगलं, पोरांना नवीन यंत्रं हवीशी झाली, आणि फळ्या परसात आंब्याखाली उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी यार्लेनिस मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. तिने त्या फळ्यांतून एक गेमचं कपाट बनवलं: आत जुना जाडजूड टीव्ही, पुढे दोन दांडे आणि बटणं, पडद्यावर मारामारी करणारे दोन पहिलवान, त्यातला एक टकला. पुढच्या पडवीत, रस्त्याकडे पाठ करून ते उभं राहिलं. बापाला जरा विरंगुळा, हा तिचा हेतू.

विरंगुळा झाला तो एबेर्तोचा. हा यार्लेनिसचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून नाफेर आणि देल्सीचा कोंपाद्रे. दर रविवारी तो सांकोचो, म्हणजे मांस आणि कंदांचा दाट रस्सा, खायला यायचा आणि जेवणाआधी नाफेरला हरवायचा.

“कोंपाद्रे, तुझा पहिलवान चर्चमधल्या संतासारखा उभा आहे! निदान आशीर्वाद तरी दे!”

“दांडा अडकतोय.”

“दांडा नाही, तू अडकतोयस!”

पहिले काही रविवार नाफेर हसला. मग गुडघा दुखतो म्हणून परसात बसायला लागला. पुढे पुढे तर ताटही तिकडेच मागवायचा. कोंबड्यांशी बोलायचा, कारण कोंबड्या उलट काही विचारत नाहीत.

देल्सीला काळजी करायला निमित्त लागत नसे. यार्लेनिसने सोल्डरिंगची डागणी हातात घेतली की तिचं बोट भाजेल, एबेर्तोने मासा खाल्ला की काटा अडकेल, हे तिला आधीच दिसायचं. पण ही काळजी वेगळी होती. माणूस एकदा परसात बसायला शिकला की पुढे पडवी विसरतो, मग रस्ता, मग माणसं. हे तिने आपल्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून सांकोचो ढवळता ढवळता ती खेळ बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की समोरचा पहिलवान मोठी उडी घेण्याआधी यंत्रातून एक जाड ‘धुम्म’ येतो. एबेर्तो तो ऐकून बाजूला सरायचा. नाफेर डोळ्यांनी बघायचा, आणि तोवर एबेर्तोचा टकल्या पहिलवान त्याच्या पहिलवानाच्या छातीवर बसलेला असायचा.

तिने यार्लेनिसला सांगितलं, यार्लेनिसने बापाला.

“मला ऐकू येतं,” नाफेर म्हणाला. “तो धुम्मच पुटपुटतो.”

पण दुसऱ्या दिवशी तो बाजारातून आला तेव्हा बगलेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काळ्या प्लायचा स्वस्तातला सबवूफर, वर चकचकीत चांदीचा कागद, हलवला तर आतून खुळखुळणारा.

“हा वूफर आहे की गोट्यांची बरणी?” यार्लेनिस म्हणाली.

“तू स्क्रू काढ. बोलायचं काम मी करतो.”

पेटी कपाटात बसेना. दोन बोटं जास्त रुंद. नाफेरने तिला करवतीने उभी कापली. आतला अॅम्प्लिफायर यार्लेनिसने वेगळा केला. आवाजाची खुंटी बाहेरून हाताला येईना, म्हणून तिला बॉलपेनची नळी जोडली. स्पीकर टीव्हीजवळ नेला तर त्याच्या लोहचुंबकाने पडद्याचा कोपरा पिवळा झाला, आणि टकल्या पहिलवान कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला. म्हणून त्याला मागच्या फळीत, अगदी खाली हलवलं. भोक आखायला देल्सीच्या सांकोचोच्या भांड्याचं झाकण नेलं. भोक बोटभर मोठं झालं. मग प्लायची कडी कापून ती भेग लाकडाचा भुसा आणि सरसाने लिंपली.

“माझं झाकण?” देल्सी ओरडली.

“सरस वाळतोय, वर वजन म्हणून ठेवलंय!”

“आणि शॉक लागला म्हणजे?”

“झाकणाला?”

आठवडाभर नाफेर परसात बसला नाही. कोंबड्या बिचाऱ्या दाराशी येऊन बघून जायच्या. स्पीकरच्या जाळीवर त्याने मांजर रंगवली, मिश्या पिंजारलेली, डोळे हिरवे. देल्सीने काळजी करायची सोडली असं नाही, पण काळजीपायी सांकोचोत जास्त पडणारं मीठ आता बेताचं पडायला लागलं.

रविवारी एबेर्तो आला. नाफेरने बटण दाबलं. पहिला धुम्म असा उठला, की समोरच्या घरातली बाई खुर्ची घेऊन बाहेर आली. मग तिच्या शेजारची. दोघी रस्त्यातच नाचायला लागल्या. “मांजर परत आली!” कोणीतरी ओरडलं. नाफेर फुगला, दांडा धरला, आणि नेहमीसारखाच हरला. पुन्हा हरला. तिसऱ्यांदा हरला तेव्हा एबेर्तोलाच टोमणा सुचेना, आणि टोमण्यापेक्षा ते वाईट होतं.

“गुडघा,” नाफेर म्हणाला आणि परसाच्या दाराकडे निघाला.

देल्सी पळी हातात घेऊनच पडवीत आली. कपाटाला हात लावून बघितला. धुम्म वाजत होता, पण लाकूड जराही थरथरत नव्हतं. ती वाकली. स्पीकर मागच्या बाजूला, तोंड रस्त्याकडे. आणि कपाटाच्या चारही पायांखाली टायरचं जाड रबर, छान चौकोनी कापलेलं.

“नाफेर!” तिने त्याला खांद्याला धरून फिरवलं, ओठ दिसावेत म्हणून. “हे रबर कशाला?”

“सुई उडू नये म्हणून.”

“कुठली सुई?”

नाफेरने कपाटाकडे बघितलं. टीव्हीकडे बघितलं. एबेर्तो छताकडे बघायला लागला. यार्लेनिसने तोंडावर हात ठेवला, तरी तिच्या नाकातून हसू फुटलंच.

“तोंड फिरव त्याचं,” देल्सी म्हणाली. “जमिनीकडे. आणि रबर काढ.”

“जमिनीकडे? पिकोचं तोंड खाली? लोक काय म्हणतील? आणि मांजर? मिश्यांनाच तीन दिवस लागलेत!”

“मुंग्या बघतील.”

तो परसात गेला. आत भांडं उतू जायला आलं तरी देल्सी हलली नाही. मग नाफेर परत आला, हातात करवत घेऊन. स्पीकर निघाला, मागच्या भोकावर उरलेली प्लाय बसली, तळाला नवं भोक पडलं, या वेळी झाकण न मागता आणि बरोबर मापाचं. मांजर फरशीकडे तोंड करून बसली. शेवटी नाफेरने चपला काढल्या.

“हे काय? प्रार्थना आहे का?” एबेर्तो म्हणाला.

“खेळ.”

पहिली उडी आली. नाफेरचा पहिलवान बाजूला सरला आणि टकल्या तोंडावर आपटला. दुसरी आली, तशीच चुकली. तिसऱ्या वेळी एबेर्तोने दांडा सोडून त्याच्याकडे बघितलं.

“कोंपाद्रे, तुला ऐकू आलं?”

“काय म्हणालास?”

समोरच्या बाईने खुर्ची आत नेली, कारण रस्त्यावर आता काहीच वाजत नव्हतं. एबेर्तो हरला, चिडला, आणि निमूटपणे त्यानेही बूट काढले, मग मोजेही. दोघं अनवाणी, शेजारी शेजारी, मोठ्याने भांडत.

देल्सी स्वयंपाकघरात परतली. फरशीतून धुम्म तिच्याही टाचांना लागत होता आणि सांकोचोच्या भांड्यावर सरस लागलेलं ते झाकण थडथडत होतं. एरवी तिने त्यावर फडकं दाबलं असतं. तिने फडकं खुंटीला अडकवलं आणि ताटं घेतली. चारही, एकाच टेबलावर.